तिसगावपलीकडची पेरणी

पुण्याहून निघाले तेव्हा आमच्या मदत मंडळात माझ्याशिवाय तिघेजण उरले होते. अध्यक्ष अंथरुणाला खिळलेले, खजिनदार रुसलेले आणि तिसऱ्या बाई लेकीच्या बाळंतपणात. मी कार्यवाह. म्हणजे सभा बोलवायची मी, सतरंजी घालायची मी आणि कोणी आलं नाही की ती गुंडाळून ठेवायचीही मीच.

मंडळाची ही दशा बेचाळीसच्या ऑगस्टनंतर झाली. निम्म्या मंडळींचं म्हणणं, सरकारच्या लढाईत गेलेल्या शिपायांच्या घरी धान्य पोचवणं म्हणजे सरकारचीच चाकरी. उरलेल्यांचं म्हणणं, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी पोचवलं तर उद्या मंडळालाच कुलूप लागेल. दोन्ही बाजू तत्त्वाच्या इतक्या पक्क्या की कामाला कोणी राहिलंच नाही. शेवटी भीतीचं पारडं जड झालं आणि फक्त शिपायांच्या घरांपुरतं काम करायचं ठरलं. तसा ठराव मी लिहिला. मग एकेक जण यायचा बंद झाला.

देवळाली प्रवऱ्याच्या एका उसाच्या बागायतदारांनी मंडळाला ज्वारीची काही पोती देऊ केली होती. ती तिसगावच्या बाजूच्या एका खेड्यात, शाळेत नेऊन टाकलीही होती. पण तिथल्या गुरुजींचा निरोप आला की जिच्यासाठी ज्वारी पाठवली ती बाई घेत नाही, तुम्हीच येऊन समजवा. माणसाला फुकटचं धान्य नको असतं हे मला नवीन होतं. आमच्या पेठेत रेशनच्या रांगेत बायका एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. तेव्हा मी वळकटी बांधली आणि एकटीच निघाले.

नगर

दौंडला गाडी बदलून नगरला उतरले तर स्टेशनावर लष्करी खाकीवाल्यांचीच गर्दी. गोरे, पंजाबी, मद्रासी, सगळे आपापल्या ट्रंकांवर बसलेले. रस्त्यानं लॉऱ्यांची रांग चाललेली आणि तिच्यामागे धुळीचा असा लोट, की टांगेवाल्यानं उपरणं तोंडाला गुंडाळलं.

"किल्ल्याकडं टक लावून बगू नका, बाई," तो म्हणाला. "शिपाई थांबवून नाव इचारत्यात."

आत कोण कोण कोंडलेलं आहे हे शहरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तोंडानं कोणी बोलत नव्हतं. मी मान वळवली, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तटाचा काळा दगड दिसलाच. एका गावात दोन सरकारं राहात असावीत तसं मला वाटलं, एक लॉरीतलं आणि एक तटाआडचं. माझ्या मंडळात जी फूट पडली ती इथं रस्त्याच्या दोन अंगांना समोरासमोर उभी होती.

रात्री धर्मशाळेत उतरले. शेजारच्या खोलीत एक मोठं कुटुंब होतं. त्यांची भांडणं, हसणी, पोरांना झोपवणं सगळं भिंतीतून ऐकू येत होतं. घरी मला शांततेची इतकी सवय झाली आहे की आवाजानं झोप लागणार नाही असं वाटलं होतं. उलट लागली, आणि सकाळी ती मंडळी निघून गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

करंजीचा घाट

पेट्रोल लढाईवर गेलेलं, म्हणून तिसगावची मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. मागे बंबासारखं धूड, त्यात कोळसे पेटवलेले. सपाटीवर ती कशीबशी चालली. करंजीच्या घाटाच्या पायथ्याशी मात्र तिनं अंग टाकलं. ड्रायव्हरनं शांतपणे बिडी पेटवली आणि म्हणाला, "उतरा मंडळी. बायामानसांनी चालायचं, बाप्यांनी ढकलायचं."

माझ्या बाकावर एक म्हातारा कासार बांगड्यांची लड सांभाळत बसला होता. वाटभर त्यानं मोटारीतल्या प्रत्येक बाईला बांगड्या दाखवल्या, एकीच्या तर चालत्या मोटारीत भरून दिल्या. माझ्या हातांकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि मग घाट संपेपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळलं. बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. बारा वर्षं झाली मला विधवा होऊन, पुण्यात शाळा शिकवते, सभेत भाषणं करते, त्यामुळे आपलं हे असं आहे याचा कधीकधी विसर पडतो. प्रवासात अनोळखी माणसं ते विसरलेलं बरोबर काढून हातात देतात.

घाटमाथ्यावरून पलीकडचा मुलूख दिसला. उघडे डोंगर, मधल्या पट्ट्यांत काळी जमीन, आणि हस्ताचा पाऊस नुकताच पडून गेल्यामुळे ती काळी जमीन ओली, तकतकीत. पुण्याकडच्या आमच्या डोळ्यांना हिरवं दिसलं की बरं वाटतं. इथली माणसं त्या काळ्या रानाकडे बघून खूश होत होती. "वाफसा यील दोन दिसांत," मोटार ढकलणारे एकमेकांना सांगत होते. वाफसा म्हणजे पावसानंतर मातीला येणारा तो बेताचा ओलावा, ज्यात पेरणीची पाभर चालते आणि बी रुजतं. तो चार दिवस टिकतो, ऊन कडक पडलं तर तेवढाही नाही. ज्याची पेरणी त्या दिवसांत झाली त्याला वर्षाची शाळूची ज्वारी मिळते, ज्याची चुकली त्याचं रान पुढच्या वर्षापर्यंत मोकळं.

तिसगावच्या पुढे

तिसगावहून बैलगाडीनं दोन कोस आत गेल्यावर ते गाव लागलं. गुरुजी एकटेच राहात होते, पत्नी कर्जतला माहेरी गेलेली. त्यांनी हुलग्याचे शेंगोळे केले होते, तिखटजाळ. मी पाण्याचा तांब्या संपवत जेवले आणि दुपारी त्यांच्याबरोबर हौसाबाईंकडे गेले.

हौसाबाई तिशीच्या आत-बाहेरच्या. नवरा पलटणीत, समुद्रापलीकडे कुठेतरी. सात-आठ महिन्यांत त्याचं पत्र नव्हतं. मूलबाळ नाही, सासू-सासरे केव्हाच गेलेले. घर शेणानं स्वच्छ सारवलेलं, आणि चुलीपाशी कण्यांचं एक लहानसं गाडगं. त्या रोज कण्या शिजवून खातात हे गुरुजींनी मला आधीच सांगितलं होतं.

मी माझं पाठ झालेलं भाषण केलं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं.

"बाई, धर्माची ज्वारी मी घिऊन खाल्ली," त्या म्हणाल्या, "तर ते आल्यावर गाव त्यास्नी काय सांगंल? तुजी बायकू भीक घेत हुती म्हनंल. मला ज्वारी नगं. माजं रान पेरून द्या."

त्यांचा एक बैल उन्हाळ्यात मेला होता. उरलेला एकटा. नवरा असताना ज्याच्याशी बैल एकमेकांना द्यायची सावड होती तो शेजारीही पलटणीतच गेलेला. लढाईच्या ठेकेदारांनी मांसासाठी जनावरं उचलल्यापासून बैल सोन्याच्या भावाचे झाले होते.

"रान पडीक ऱ्हायलं तर मला हितं ऱ्हाता येनार न्हाई," त्या म्हणाल्या. "उसाकडं जायाचं मजुरीला. आन् ते आले तर कुलपाला हाका मारत्याल."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना. मंडळाकडे ज्वारी होती, बैल नव्हते. गुरुजी म्हणाले, गावात रीत आहे, इर्जिक म्हणतात. ज्याचं रान अडलं त्याच्याकडे सगळ्यांनी आपापली अवजारं घेऊन जायचं, एका दिवसात पेरून द्यायचं, आणि घरधनिणीनं जेवू घालायचं. "पण इर्जिक तात्यांच्या शब्दाशिवाय होत नाही," ते म्हणाले.

तात्या गावातले वडीलधारे. दारी बैलांच्या दोन जोड्या. मला त्यांनी घोंगडी टाकून बसवलं, दूध दिलं आणि मी विषय काढताच हात वर केला.

"त्यानं गोऱ्याची बंदूक धरली. माज्या पोरानं धरली न्हाई, उलटं झेंडा धरला, त्यो तुरुंगात हाय. बंदूकवाल्याच्या बायकूसाटी तुमी पुन्यास्नं हितवर आला. माज्या सुनंसाटी कोन आलं?"

मंडळाचा तो ठराव या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार? दूध संपवून मी उठले. परतताना आणखी चार घरी गेले. सगळीकडे एकच उत्तर, आधी आमचं होऊ द्या, मग बघू. त्यांचंही चूक नव्हतं. वाफसा कोणासाठी थांबत नाही.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसले. समोरच्या घरांतून चुलींचा धूर निघत होता, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. कोणालातरी आपली वाट बघायची असते या गोष्टीचा मला त्या वेळी फार हेवा वाटला. हौसाबाईंचाही वाटला, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. त्यांना निदान येणारं कोणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी

सकाळी उठले ती एक युक्ती घेऊनच. हौसाबाईंना धान्य नको, कारण कोरडं धान्य म्हणजे दान. पण शिजवलेलं? आमच्याकडे शेजारी कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी अडचण आली, की डबा जातो, आणि डबा कोणी परत पाठवत नाही. त्यात उपकार नसतो, माया असते. पोटात दोन घास गेले की बाई माझं ऐकेल, मग पुन्हा तात्यांकडे जाऊ, असा माझा हिशेब.

गुरुजी उजाडताच तिसगावच्या बाजाराला गेले होते, नाहीतर त्यांनी मला उंबऱ्यातच अडवलं असतं. मी त्यांच्या चुलीवर भाकऱ्या केल्या. माझ्या भाकऱ्या म्हणजे कडा फाटलेल्या, मधे जाड. बरोबर करायला सोपं म्हणून पिठलं केलं. टोपलीत सगळं ठेवून वरून धुतलेलं पांढरं पातळ फडकं झाकलं आणि निघाले.

भाकऱ्यांची लाज वाटत होती म्हणून मी कोणाशी न बोलता, खाली मान घालून चालले. वाटेत पाण्याला निघालेल्या दोन बायका थबकल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. पारावर माणसं बोलत होती ती बोलायची थांबली आणि उठून उभी राहिली. मला वाटलं, पुण्याच्या बाईचा मान राखताहेत. मी मान किंचित लववून पुढे गेले. मागे पावलं वाजायला लागली, तरी मी वळून बघितलं नाही.

हौसाबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी मला पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. हातातली केरसुणी गळून पडली.

"कवा?" त्या म्हणाल्या.

"काय कधी?"

"तार कवा आली? कुठं पडलं ते?"

"तार नाही हो, पिठलं आहे," मी म्हणाले.

आजही ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो आणि हसूही येतं. हौसाबाईंना ते ऐकूच गेलं नव्हतं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. मी मागे वळले तर अख्खं गाव अंगणात. बायका येऊन हौसाबाईंना धरायला लागल्या, बाप्ये भिंतीच्या कडेनं उकिडवे बसले. सगळ्यांत पुढे तात्या, पटका सोडून खांद्यावर टाकलेला.

शेजारच्या रहिमतबींनी माझ्या हातातली टोपली धरून हलवली. "बाई, खरं बोला. कागुद आलाय का न्हाई?"

"कसला कागद? मी फक्त जेवण आणलंय!"

"मंग हे कडू घास कशापायी?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात, न बोलता. आमच्याकडेही हेच आहे. माझ्या घरी बारा वर्षांपूर्वी असंच पिठलं आणि भात आला होता, आणि त्यावरही पांढरंच फडकं होतं. पण आमच्या पेठेत डबे एरवीही जातात. इथं धडधाकट माणसाच्या घरी बाहेरची भाकरी जाते ती फक्त त्याच एका दिवशी. आणि ती घेऊन आली कोण, तर कुंकू नसलेली, परगावची, मुकाट चालणारी बाई.

रहिमतबींनी ओरडून सगळ्यांना सांगितलं, "कोनी गेलं न्हाई! बाईंला ठावं न्हवतं!"

हौसाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या. डोळे लाल झालेले.

"जित्या मानसाच्या घरी कडू घास घिऊन आली व्हय गं तू?"

त्यांनी मला मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. पण त्या पुन्हा खाली बसल्या आणि या वेळी नुसत्या रडत राहिल्या. रडता रडता "हायती, ते हायती" असं म्हणत होत्या.

अंगणातली माणसं अवघडून गेली. आलेल्यांना आता परत कसं जावं हे कळेना. एकजण उठायला लागला तेव्हा तात्यांनी त्याला बस म्हणून खूण केली.

"मी बी आलो," ते म्हणाले. "बातमी कानावर पडली आन् जोतलेली बैलं रानात उभी सोडून आलो. त्यो मेला म्हनलं तवा त्यानं बंदूक धरली का झेंडा, माज्या ध्यानात बी आलं न्हाई."

त्यांनी अंगणातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मेल्यावर येतो आपुन सगळी. मंग त्यो जिता हाय म्हनून आता घरी जायाचं व्हय?" त्यांनी पटका झटकला आणि डोक्याला गुंडाळायला लागले. "पाभरी आना. हौसाचं रान आज हुईल."

एक मात्र अडलं. इर्जिकीला घरधनिणीनं जेवू घालायला हवं, आणि घरात तर कण्याच. मी तोंड उघडणार तोच रहिमतबींनी माझा दंड दाबला. "तुमची ज्वारी ऱ्हाऊ द्या साळंत," त्या हळूच म्हणाल्या. "आमी समद्या तिला उसनं पीठ देतो. सुगीला फेडंल ती. चूल तिची, तवा तिचा." तशा बायका घरोघर गेल्या आणि सुपातून, पदराआडून पीठ घेऊन आल्या. दुपारी गुरुजी बाजारातून परतल्यावर मी ती पोती त्यांच्या हवाली केली आणि सांगितलं, ज्यांच्या घरातलं पीठ आज गेलं त्यांच्या घरी हळूहळू पोचवा, तात्यांच्या सुनेपासून सुरुवात करा. ठरावात ते बसत नव्हतं. ठराव मोडायला मंडळात माझ्याशिवाय होतं तरी कोण?

माझ्या टोपलीचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, पण ती अंगणात ठेवता येत नव्हती हे दिसत होतं. मी ती उचलून गावाबाहेर ओढ्यापर्यंत गेले आणि ओतून दिली. कुत्री आली. मी तिथं दगडावर बसून राहिले. गावातून बैलांच्या घुंगरांचा, माणसांच्या हाकांचा आवाज येत होता. आपण आता न जाणंच बरं असं मला वाटलं. असल्या दिवशी माझ्यासारखीचं तोंड कोणी बघू नये ही रीत मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पण वळकटी शाळेत होती आणि शाळेची वाट हौसाबाईंच्या रानावरून. तिथं पुढे माती भुसभुशीत करणारे कुळव चालले होते आणि त्यांच्यामागे पाभरी लागायच्या होत्या. तात्यांची पाभर बांधाशी उभी होती. पाभरीच्या मधोमध लाकडी वाडगा असतो, चाडं म्हणतात, त्यात मुठीनं बी सोडत बाईनं मागून चालायचं. ते नळ्यांतून जमिनीत जातं. हौसाबाई कण्या खाऊन राखून ठेवलेलं बी पदरात घेऊन उभ्या होत्या. घरच्या लक्ष्मीनं पहिली मूठ धरायची असते. मी लांबून जायला लागले.

"बाई!" त्यांनी हाक मारली. "हिकडं या."

मी बांधावरच थांबले. "हौसाबाई, माझ्यामुळं सकाळी तुम्हाला..."

"या म्हनते न्हवं?"

गेले. त्यांनी माझा पदर माझ्या हातांनी पसरायला लावला आणि आपल्या पदरातलं बी त्यात ओतायला लागल्या.

"अहो, असं करू नका," मी म्हणाले. "मी विधवा आहे. तुमच्या रानात पहिली मूठ माझी नको." हे मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की तात्यांनी वळून बघितलं.

"सकाळी घटकाभर मी बी झाले हुते," हौसाबाई म्हणाल्या. "कसं वाटतं ते बगितलं. धरा मूठ."

तात्यांनी बैलांना नुसतं हं केलं. पाभर हलली तशी मीही तिच्या मागे हलले. बारा वर्षांत कोणी माझ्या पदरात काही घातलं नव्हतं. डोळ्यांना दिसेना. बी कधी भसकन सुटे, कधी मूठच उघडेना, आणि तात्या पुढून ओरडत होते, "बाई, दाबून धरू नगा! सैल सोडा हात, सैल!"

दुसऱ्या टोकाच्या बांधाला पोचलो. पाभर वळली. मी पदर आवरून हौसाबाईंना परत द्यायला वळले, तर त्या केव्हाच भाकऱ्या थापायला घरी निघून गेल्या होत्या. मग पुढची ओळही मीच पेरली.